माझं लोखंडी शिरस्त्राण आणि बाबांचं पितळी

मी, लायल हेडली, वय सव्वीस, राहणार हेक्सम, नॉर्थम्बरलंड, पशुखाद्याच्या दुकानात गोदाम सांभाळणारा, हे माझं पहिलं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, बहुतेक जण उठतात. त्या ‘बहुतेक’ची मला भीती वाटते, एवढंच. डोकं ठिकाणावर आहे आणि कोणाचा दबाव नाही.

१. बँकेतली शिल्लक आणि मोटार आईला, मॉरीन हेडली हिला. आई, दुसरा गिअर अडतो. ओढू नकोस, जरा थांबून टाक.

२. चामडं शिवायची माझी हत्यारं आमच्या रोमन पथकाच्या सामायिक पेटीला. वापरून झाल्यावर आरी पुसून ठेवावी. कोणी पुसत नाही.

३. लोखंडी शिरस्त्राण माझी बहीण हेस्टर हिला. आमचं पथक पहिल्या शतकातल्या रोमन सैनिकांचा वेश करून लोकांसमोर कवायतीचे खेळ करतं. खेळाआधी तपासणी होते. ज्या वस्तूचा अस्सल जोड उत्खननात सापडलेला नाही, ती ओळीत चालत नाही. म्हणून मी हे फार सावकाश निवडलं. कपाळावर पत्रा ठोकून उठवलेल्या भुवया, गालपट्ट्यांच्या बिजागऱ्या, पत्र्याची जाडी, सगळं नदीत सापडलेल्या एका शिरस्त्राणाशी ताडून घेतलं. माप मात्र उघड्या डोक्याचं दिलं. आत लोकरीची जाड टोपी घालावी लागते, तेवढं विसरलो. हेस्टर म्हणाली, “अख्खं रोम मोजलंस आणि स्वतःचं टाळकं मोजायला चुकलास!” तिला ते टोपीसकट नीट बसतं. मी नसलो तर ओळीतली माझी जागा तिने घ्यावी. शिरस्त्राण कपाटावर शोभेला ठेवू नये. हेस्टर, पावसात भिजलं तर तेल लाव. माझी आठवण म्हणून गंजू देऊ नकोस.

४. बाबांचं पितळी शिरस्त्राण आईचं आहे, ते मला कोणाला देता येत नाही. पण त्याबद्दल लिहिणं भाग आहे. बाबांनी ते सिनेमाचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणलं आणि झाडूचे केस लाल रंगवून त्यावर आडवा तुरा बसवला. आडवा तुरा अधिकाऱ्याचा. पथकात बाबा साधे शिपाई. आमचे पथकप्रमुख नॉर्मन डॉड तपासणीला म्हणाले, “क्लाइव्ह, कुठलं शतक रे हे? आणि हा झाडू घरी ने, मॉरीनला लागेल.” सगळी ओळ हसली. बाबाही हसले. मग अंगावरचा रोमन अंगरखा न उतरवता, खेळ संपेपर्यंत गाडीत बसून राहिले. आईने दिलेले चीज-सँडविच तसेच परत आणले. पुन्हा कधी आले नाहीत. त्याच हिवाळ्यात गेले.

पुढे माझं शिरस्त्राण डॉड यांनी उलटसुलट करून पाहिलं. “एक खोट सापडत नाही, पोरा. क्लाइव्हने बघायला हवं होतं.” मी ते परत घेतलं आणि काखेत धरून ओळीत उभा राहिलो.

नियम बरोबर होता. मीही तोच पाळतो. तरी माझी मागणी अशी: मी उठलो नाही, तर पुढच्या खेळात डॉड यांनी बाबांचं शिरस्त्राण, तुऱ्यासकट, घालावं आणि लोकांसमोर ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालावं. आईने तेवढ्यापुरतं ते द्यावं.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असा कायदा आहे. म्हणून डॉड यांना मी काही देत नाही, फक्त मागतो, आणि साक्षीला त्यांनाच बोलावलं आहे.

५. अस्सल शिरस्त्राणांच्या मानपट्टीवर मालकांची नावं ठिपक्यांनी ठोकलेली सापडतात, एकाखाली एक, कारण ती एकाकडून दुसऱ्याकडे जात. माझ्या मानपट्टीवर अजून काही नाही. तिथे आधी क्लाइव्ह, मग लायल, मग हेस्टर असं ठोकून घ्यावं. खाली जागा सोडावी. बाबांनी हे कधी पाहिलंही नाही, त्यामुळे पहिलं नाव चुकीचं ठरेल. ते तसंच राहू द्यावं.

वरील मजकुरात खाडाखोड नाही. खालील दोघांच्या समक्ष सही करत आहे.

लायल हेडली
हेक्सम, १३ जून २०१९

साक्षीदार:

बेरिल टेट, शेजारीण.

नॉर्मन डॉड, निवृत्त पोस्टमन. सही करण्याआधी सगळं वाचलं, पोरा. तू उठलास तरी घालीन.