तांबूस काचांचा चष्मा

अण्णा, आज मी तुमच्यासारखाच चष्मा आणला. तांबूस काचांचा. वॉर्डातल्या रात्रपाळ्यांनी माझ्या झोपेचा पार खेळखंडोबा केलाय, म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवेलागणीनंतर हा घालत जा. मी तो चढवल्यावर माझी लेक पोट धरून हसली आणि मी तिच्यावर उगाच खेकसले. ती बिचारी नुसती हसली. मी काय केलं होतं, ते तिला कुठं ठाऊक आहे?

तेव्हा शिरूरला आपली एकच खोली होती. तुम्ही दुधाची गाडी चालवायचात. तीनला उठून गावोगावचे कॅन भरायचे आणि उजाडेपर्यंत दौंड गाठायचं, म्हणजे आठला झोप लागलीच पाहिजे. नेमका तेव्हाच आमचा अभ्यास, आईचा स्वयंपाक आणि डोक्यावर ती ट्यूबलाइट. दौंडच्या कुणा रेल्वे ड्रायव्हरनं तुम्हाला ही युक्ती सांगितली. सहा वाजले की तुम्ही चष्मा चढवायचात आणि त्यातूनच भाकरी खायचात. "उजेड डोळ्यात शिरला की झोप पळती," म्हणायचात. गल्लीतले तुम्हाला हिरो म्हणायचे, तुम्हीही हसायचात. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दहावीच्या परीक्षेआधी दोन मैत्रिणी अभ्यासाला येणार होत्या. त्यातली एक बंगल्यात राहणारी. मी दुपारीच तो चष्मा बेसनाच्या डब्यात तळाशी खुपसला. सणावारालाच उघडायचा तो डबा.

ती संध्याकाळ अजून जशीच्या तशी आठवते. तुम्ही फळी चाचपताय, उशी उचलताय, खुंटीवरच्या शर्टाचे खिसे पालथे घालताय. "माझा चष्मा बघितला का गं?" मी पुस्तकातून मान वर न काढता नाही म्हणते. आई म्हणते, "आवं, एक दिस ऱ्हाऊ द्या की. पोरी बसल्यात." तुम्ही डोळ्यांवर पंचा टाकून भिंतीकडं तोंड करता. मैत्रीण विचारते, "काका, लाइट घालवू का?" तुम्ही म्हणता, "नगं बाळा, परीक्षा हाय तुमची." पंच्याखाली तुम्ही जागे आहात हे मला दिसतंय, कारण पायाचा अंगठा सारखा हलतोय. डबा माझ्यापासून चार पावलांवर आहे. मैत्रिणी गेल्या तरी तो अंगठा हलतच होता, आणि मी दिवा घालवून झोपले. मला झोप छान लागली, हेही लिहूनच टाकते.

सकाळी निरोप आला. दौंडच्या अलीकडच्या वळणावर तुमचा डोळा लागला आणि गाडी रस्त्याकडेच्या पाटाच्या चारीत गेली. जीव वाचला, पण उजवा हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. स्टिअरिंग सुटलं ते सुटलंच. पुढं मरेपर्यंत तुम्ही डेअरीच्या गेटवर बसलात आणि दुसऱ्यांच्या गाड्या आत सोडल्यात.

दवाखान्यातून आलात त्या दिवशी चष्मा फळीवर होता. मीच पुसून ठेवला होता. तुम्ही डाव्या हातानं उचललात, काडी उघडलीत. बिजागरीत पिवळं बेसन अडकलं होतं. तुम्ही ते अंगठ्यानं हळूच पुसलंत. आईनं विचारलं, "घावला व्हय? कुठं हुता?"

"हितंच हुता. मलाच दिसला न्हाई."

मग माझ्याकडं पाहिलंत. "पेपर कवा हाय तुझा?" एवढंच. अण्णा, त्या दिवशी एक मुस्काटात ठेवून दिली असतीत तर मी सुटले असते. तुमच्या त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो, आणि राग आल्याची लाजही वाटते.

हे तुम्हाला पोचणार नाही, पण निदान आईला वाचून दाखवावं असं आज मनात होतं. नाही जमलं. ती अजून म्हणते, त्या वळणावर कायतरी हाय, त्यानंच तुमच्या अण्णाला धरलं. दरवर्षी ती तिथं नारळ फोडायला जाते. नारळ मीच आणून देते. यंदाही दिला.