बोडीकाठची बांधी आणि एक खोडलेली अट

मी, लोकेंद्र मुन्नालाल पटले, वय एकोणपन्नास, शेतकरी, राहणार खैरटोला, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. देवाच्या कृपेने प्रकृती ठणठणीत आहे, डोके शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही. गावच्या मुलांना युवा निधीचे काम शिकवताना मी दहा वर्षे सांगत आलो, की तोंडी चालणार नाही, अर्ज लिहून आणा. मग माझाही कागद असावा.

१. घर, इटियाडोह धरणाच्या पाण्यावरची शेती आणि पोस्टातील बचत पत्नी फुलवंता हिला; तिच्यानंतर मुलगी रिंकी हिला.

२. माझे टाळ भजन मंडळातल्या दुर्गेशला. तो भजनात घाई करतो, पण न चुकता येतो.

३. बोडीकाठची, म्हणजे लहान तळ्याच्या काठची, धानाची बांधी खैरटोला युवा निधीला. फुलवंता आणि रिंकी राजी आहेत. सुगीला दर घरून पायलीभर धान येते, ते विकून हा निधी उभा राहतो. तो गावातल्या कोणत्या कामाला द्यायचा, हे सोळा ते पंचवीस वयाची मुलेमुली ठरवतात. मुलांनी विचारले तरच मोठ्यांनी सांगायचे. माझी अट एकच : पहिल्या पिकातून भजन मंडळाला नवी हार्मोनियम घ्यावी. (हे शेवटचे वाक्य खोडले आहे. कलम ६ पाहावे.)

४. चुलतभाऊ टेकचंद याला काही नाही. निधी सुरू झाला तेव्हा तो भर सभेत म्हणाला होता, "पोट्ट्यायच्या हाती गावाचा पैसा कायले देतेस? फटाके उडवतीन!" साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकिलांनी सांगितले, म्हणून त्याला आनंदाने साक्षीदार केले आहे.

५. निधीच्या सभेच्या दाराबाहेरचे लाकडी स्टूल, माझ्यानंतर जो मुलांना निधीचे काम शिकवील त्याला. त्याची हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वी मला निधीतून हार्मोनियम हवी होती आणि गावातल्या रुख्माबाईला बोडीतले शिंगाडे काढायला डोंगा, म्हणजे छोटी होडी. मी तोंडाने काही बोललो नाही, नुसता खोकलो. निधीची अध्यक्ष संध्या मडावी म्हणाली, "काका, तुमी खोकलले का सारे तुमच्याकडंच पायतेत. बाहेर बसा." मी स्टूल घेऊन बाहेर बसलो. डोंगा मंजूर झाला. आठ दिवस मी गाल फुगवून होतो. मग रुख्माबाईने शिंगाड्यांची पहिली टोपली मारुतीच्या पायरीवर ठेवली. देवाला काय वाटले ते देव जाणे. मी दोन ओंजळी खाल्ले. जुन्या पेटीची एक पट्टी आजही मुकी आहे. तिथे आम्ही सारे तोंडाने सूर भरतो, आणि भजन बरे होते.

६. निधीची संमती हवी म्हणून हा मसुदा काल संध्याला वाचून दाखवला. कलम तीन ऐकून ती हसायलाच लागली. "काका, मेल्यावरबी अंदर येऊन बसून राहाल का?"

अट मी आज स्वतः खोडली असून शेजारी सही केली आहे. बांधी बिनशर्त दिली. खोडताना मी हसत होतो, हे दोन्ही साक्षीदारांनी समक्ष पाहिले आहे.

लिहून देणार : लोकेंद्र मुन्नालाल पटले (सही)

साक्षीदार :
१. ईश्वरदास बिसेन (सही)
२. टेकचंद पटले (सही. "हसत होता, खरं आहे.")

स्थळ : खैरटोला
दिनांक : १९ जानेवारी २०२५