वाढवलेली ढोलकी

पोलादपूर, १८ मार्च २००३

नीला,

सप्रेम जयभीम.

परवा चवदार तळ्यावरच्या स्टॉलांवर आपली कॅसेट यंदाही नसेल. चाली माझ्या, आवाज तुझा. तुझ्या लग्नाआधी रेकॉर्ड केलेली ती गाणी मी अजून संगणकावर साफ करतो आहे. आधी कशेडीकडे जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न काढला, मग तुझे श्वास. मग तुझा शब्द न् शब्द कळावा म्हणून ढोलकी कमी करत गेलो.

तुझे आबा दर मार्चला म्हणायचे, "कुत्रं भुकलं असंल तर भुकू दे रे. पोरगी भोरला गेली, तिचा आवाज तरी घरात राहू दे."

"थोडंच राहिलंय, आबा."

त्यांचे कान जात होते, ते मला दिसत होतं. तरी अर्धवट ऐकवायला मन होईना. आता त्यांना काहीच ऐकू येत नाही. तुला कळवू नको म्हणाले, म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहील.

काल कॅसेट नेऊन लावली. आबांनी स्पीकरवर तळवा ठेवला.

"लावलीस काय?"

मी मान हलवली.

"हाताला तर काय लागत नाय. वायर बघ."

घरी येऊन मी ढोलकी वाढवली. तुझा आवाज तिच्याखाली पार दबला. आज सकाळी तीच कॅसेट लावली. आबांनी पुन्हा तळवा ठेवला, आणि डोळे मिटून मान डोलवू लागले.

"आता गातेय बघ माझी पोर," म्हणाले.

तुझा,
अरविंददादा