सगळी भांडी उकळली, आता जेवायला या

आदरणीय दादांना धाकट्या बहिणीचा नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? माझ्या टेबलावरून न जेवता ताडकन उठलात तेव्हा तो जराही कुरकुरला नाही, त्यावरून बरा असावा.

सूनबाईने मटणाची पळी तापत्या दुधात घातली, हे मला मान्य. आपल्या यहुदी घरांत मटणाची आणि दुधाची भांडी वेगळी, हे तिलाही ठाऊक आहे. पण “या घरातल्या एकाही भांड्याचा भरवसा नाही” असं तुम्ही तिच्या तोंडावर म्हणालात, आणि तेव्हापासून ती पोर स्वयंपाकघरात पाऊल टाकायला घाबरते. हे मी चालू देणार नाही.

रब्बींना विचारलं. ते म्हणाले, दूध फेका; पातेलं आणि पळी घासून दिवसभर तशीच ठेवा, मग उकळत्या पाण्याने कोशर, म्हणजे धर्माप्रमाणे शुद्ध, करा; बाकीच्या भांड्यांना काही झालेलं नाही. मी म्हटलं, दादा सगळ्या भांड्यांवर उखडलेत, मी सगळीच उकळणार. (किसणीसुद्धा.) आमच्या ह्यांनी विचारलं, “मग माझ्या कवळीचं काय? तीही दोन्हीकडे खाते.” त्यांना मी पाणी भरायला लावलं.

दुधाचं ते मोठं पातेलं उकळायला कशातच बुडेना. अशा वेळी ते काठोकाठ भरून उकळायचं आणि आत तापून लाल झालेला दगड सोडायचा, म्हणजे पाणी उतू जाऊन काठही कोशर होतो. ह्यांनी दगड सोडला नाही, टाकला. (चिमट्यासकट.) काठ कोशर झाला, गॅस विझला, फरशी धुतली गेली, आणि खालच्या मजल्यावरची शिंपीण डोक्यावर टॉवेल धरून वर आली. “काकू, दगड शिजवताय? अजून कच्चाच दिसतोय!” सूनबाई खुदकन हसली. तुम्ही उठून गेल्यापासून पहिल्यांदाच.

तर रविवारी जेवायला यायचं. मटण तीच करणार, तीच वाढणार. या वेळी उठलात तर गुडघ्याची चौकशीही करणार नाही.

तुमची धाकटी

ता. क. आमच्या मटणाच्या प्रत्येक भांड्याला लाल ठिपका असतो. त्या पळीला नव्हता, म्हणून सूनबाईला ती दुधाची वाटली. घासताना दांड्यावर कोरलेलं नाव दिसलं. वहिनींचं. मागे मटणाच्या डब्याबरोबर तुम्हीच ती आणून दिली होती.

आणखी एक. वहिनींना सांगा, पळी उकळून, ठिपका लावून ठेवली आहे. न्यायला जेवायच्या वेळीच या. ती सूनबाईकडे आहे, तिच्याकडेच मागा.