पानाची मागची बाजू

१४ ऑक्टोबर, दुपार

प्रिय ताई,

इतके महिने पत्र नाही, रागावली असशील तर रास्तच आहे. ‘कामं होती’ असं आधी लिहिलं आणि खोडलं. कामं कुणाला नसतात?

इकडे सगळे ठीक. ह्यांचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, हे स्वतः त्याहून जास्त. खिडकीखालचा रस्ता पुन्हा खणलाय, दिवसभर धडधड. एका जागी बसवत नाही. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठले.

तुझ्या मुलांनी वाचून वाचून मऊ केलेली ती मासिकं तू खोकी भरून पाठवलीस, आमची घरची शाळा त्यांच्यावरच चालते. चिमणीला शाळेतून काढलं तेव्हा जो तो विचारायचा, पुस्तकं कुठली लावलीत? मी मासिकं दाखवायचे. भूगोल आहे, विज्ञान आहे, कोडी आहेत, आणि भाषा अशी की पाठ्यपुस्तकानं मान खाली घालावी. माझी पद्धत म्हणजे लेख कापायचा आणि विषयवार पाकिटात घालायचा. ज्वालामुखी भूगोलात, मधमाशी विज्ञानात. कात्री चालवताना मला फार कर्तबगार वाटतं. हे म्हणतात, “वर्गात मुलगी एकच, पण बाईंचा आवाज चाळिसांना पुरेल एवढा!”

गेल्या आठवड्यात मी तिची तोंडी परीक्षा घेतली. ताई, तिला काही येईना. लाव्हा म्हणजे काय, ठाऊक नाही. मधमाशी पोळं कशाचं करते, ठाऊक नाही. मी चिडले. “मग रोज ते कात्रण हातात धरून काय वाचत होतीस?” ती नखं कुरतडत बसली. मला वाटलं, शिकवण्यातच खोट आहे. मग पाकिटं उपसून सगळे लेख सोपे करून लिहायला घेतले.

काल भाजी घेऊन लवकर परतले, तर घरातून पोरांचा कलकलाट. शेजारची मुलं आली वाटतं, म्हणून इतका आनंद झाला की जिन्यातच थबकले. मग उघड्या दारातून पाहिलं. ती एकटीच होती. खुर्च्यांवर, पलंगावर, जमिनीवर माझी कात्रणं मांडलेली, सगळी पालथी.

कापताना मी एकच बाजू बघते गं. ज्वालामुखीच्या मागे वाचकांचं पान आहे. मधमाशीच्या मागे ‘आमचा वर्ग’. कुणाच्या वर्गात कासव पाळलंय, कुणी डब्यातून बेडूक नेला होता, कुणाला सहलीत गाडी लागली. निम्मी पत्रं माझ्या कात्रीनं मधेच तोडलेली. ती चिमणीनं मनानं पुरी केलीत आणि त्या पोरांचा वर्ग भरवलाय. कासववाली, बेडक्या, उलटीवाला.

“बाई, हा बघा चिमटे काढतोय!”

“खोटारडी! सुरुवात कुणी केली?”

सगळे आवाज तिचेच. घडाघडा, एकदाही न अडखळता.

मग बाईंचा आवाज काढून तिनं विचारलं, “नवीन मुलगी, तुझं नाव काय?” आणि ती स्वतःच्या आवाजात आली. पहिल्याच अक्षराला अडली. नेहमी अडते तशी. ह्याचसाठी शाळेत मुलं हसली होती आणि मी तिला उचलून घरी आणलं होतं. दाराबाहेर माझे ओठ आपोआप हलले. तिचा शब्द अडला की मी पुरा करते, सवयच जडलीय.

आत कासववाली म्हणाली, “गप्प बसा रे. ती सांगतेय ना!”

आणि सगळा वर्ग थांबला, ताई. केवढा वेळ. मग नाव आलं, पूर्ण.

माझी पिशवी वाजली असावी. मी आत गेले तोवर तिनं सगळी कात्रणं पटापट उलटली. मुलं खाली, ज्वालामुखी वर.

“आई, मी ला... ला...”

“लाव्हा वाचतेस? शहाणी माझी ती.”

केलाच मी तिचा शब्द पुरा! एवढं सगळं ऐकूनसुद्धा!

तेव्हापासून घरभर फिरतेय. मी तिला जपत होते, की तिच्यावर हसलेलं मला ऐकवत नाही म्हणून स्वतःचेच कान जपत होते? तू शेवटच्या पत्रात एवढंच विचारलं होतंस, “चिमणीला काय हवंय?” तेव्हा मला राग आला. ही शाळेतली बाई, शाळेचीच बाजू घेणार, असं मनातल्या मनात तुला बोलून घेतलं. खरं म्हणजे मला उत्तर माहीत नव्हतं. मी तिला विचारलंच नव्हतं.

सकाळी ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, “मग विचार की.”

“आणि ती हो म्हणाली तर? पुन्हा हसली मुलं तर?”

“हसतीलच. पण दहा हसणारे असले तर एखादी कासववालीही निघेल.”

पटलं. पटल्याचा रागही आला.

तुला काहीतरी ठाम कळवायचं म्हणून थांबले असते, तर हेही पत्र राहिलं असतं. म्हणून अर्धंच पाठवतेय.

तुझी,
अजून उत्तर न सापडलेली धाकटी

उद्या: चिमणीला शाळेबद्दल विचारायचं, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत तोंड मिटून बसायचं.