पैलवानाचा गुडघा

सोमवार, ३ मार्च

पैलवान लंगडतोय! पैलवान म्हणजे आमचा कुत्रा. मांजराएवढा जीव आणि नाव हे — मुलाने ठेवलंय, मी नाही. दाराची बेल वाजली तशी कोचावरून उडी मारली आणि केकाटला. तेव्हापासून मागचा उजवा पाय वर. मी म्हटलं, मुरगळला असेल, जाईल चार दिवसांत. मुलाने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच ओढला पाय!

हे सूनबाई लिहून घेतेय. मला लिहिता येत नाही आणि तिला माझं ऐकून कंटाळा येत नाही. येतो, पण ते ती लिहिणार नाही. लिही गं, हेही लिही.

गुरुवार, ६ मार्च

डॉक्टरीणबाईंनी त्याची मांडी एका हातात धरली, नडगी दुसऱ्या हातात, आणि पुढे ढकलली. सरकली की! टेबलाचा खण सरकावा तशी. "आजी, गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय." म्हटलं, मग बांधा पट्टी. "पट्टीने भागायचं नाही. आतली गादीही फाटली असणार. ऑपरेशन करू."

नऊ वर्षांचा कुत्रा! बेशुद्ध करणार, आणि उठलाच नाही तर? मुलगा म्हणाला, "आई, तुला त्यातलं काही कळत नाही." बरं बाबा. तुला दात यायचे होते तेव्हापासून नाही कळत मला.

शनिवार, ८ मार्च

नको म्हणत होते. नेलंच. दुपारी घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. माझ्या उतरला — थोडा.

रविवार, ९ मार्च

उठला! पायावरचे केस काढलेत, कोंबडीची तंगडी दिसतेय नुसती. गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं. सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉनचा धागा घातलाय म्हणे. आजूबाजूचं सगळं घट्ट होईपर्यंत धाग्याने सांधा धरून ठेवायचा. उडी मारली की धागा गेला! म्हणून दोन महिने जाळीच्या कुंपणात, बाहेर फक्त शी-शूला.

"लक्ष कोण ठेवणार?" म्हटलं. दोघं एकदम, "आई आहे ना घरी!"

आई आहे. आई कायमची आहे.

मंगळवार, १८ मार्च

वैताग आलाय! नरसाळं धडाधड माझ्या पायांवर आपटतं. अंगणात नेताना पोटाखालून टॉवेल घालून मागची बाजू उचलायची. तो वाकडा, मी वाकलेली. शेजारीण कठड्यावरून म्हणते, "जोडी छान दिसते हो!" तिला उत्तर तयार आहे, पण सूनबाई ते लिहायला तयार नाही.

पायाचा व्यायामही माझ्याच गळ्यात. हळूच वाकवायचा, सरळ करायचा. गुरगुरतो मेला. सांगितलं त्याला, या घरात गुरगुरायचा मान माझा आहे.

बुधवार, २ एप्रिल

पाय टेकतच नाही. मांडी वाळून काडी झाली. आता टेकायलाच हवा होता, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. असाच राहिला तर कायमचा तीन पायांवर. मुलाचा चेहरा बघवेना. मग त्या मला म्हणाल्या, "कसं चालवता, दाखवा बरं."

दाखवलं.

"अहो आजी! टॉवेल केवढा उंच धरलाय! पाय जमिनीला लागतोय कुठे त्याचा?"

लागू दिलाच नव्हता मी. दुखेल म्हणून. सूनबाई, हसू नकोस, लिही.

शुक्रवार, ११ एप्रिल

टॉवेल ढिला सोडला. धडपडला. माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की वाटलं, उचलावं. नाही उचललं. टेकला पाय! बोटांवरच, पण टेकला.

शनिवार, १० मे

जाळी काढली. घरभर चार पायांवर हिंडतोय आणि माझ्या मध्ये मध्ये येतोय. सुटले एकदाची!

सोमवार, १४ जुलै

सकाळी उठला तो डावा पाय वर धरून. दुसरा गुडघा. मुलगा खालीच बसला त्याच्याजवळ. म्हणाला, "आई, परत ते सगळं... तुझ्याने नाही व्हायचं आता. राहू दे."

म्हटलं, "मला विचारलंस? ऊठ. डॉक्टरीणबाईंना फोन लाव."