रोज १.८४ ग्रॅम

सोमवार, ५ ऑगस्ट २००२. सकाळी ७.१०
वेदना ७/१०. दोन वर्षांपूर्वी एसटीच्या पायरीवरून पडले, तेव्हापासून कंबर माझी नाही. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, सवय करून घ्या. फी मात्र त्यांनी नव्या उत्साहाने घेतली.
पप्पांनी काल जाहीर केलं: दिवाळीपर्यंत नीट बसता आलं नाही, तर वजनकाटे दुरुस्तीचं टेबल अंकितला. अंकित माझा धाकटा भाऊ. सोल्डरिंग येतं, असं त्याचं स्वतःचं मत आहे. डिप्लोमा माझ्याकडे आहे. टेबल जाणार नाही.

मंगळवार, ६ ऑगस्ट
निमगाव साव्याच्या सारजाबाई लोकर तोलायचा काटा घेऊन दुकानात आल्या. मला खुर्चीतून उठताना पाहून म्हणाल्या, "पोरी, तू माझ्याआधी म्हातारी व्हनार. आमची मेंढी आशी आखडली की आमी चिमूटभर भांगेचा पाला चारतो. लगी उभी ऱ्हाती."
मी म्हटलं, मी मेंढी नाही.
"न्हाईस ना. मेंढी ऐकती तरी."
जाताना पुडी ठेवून गेल्या. अडाणीपणाचा कळस. पुडी कोरड्या जागी ठेवली.

बुधवार, ७ ऑगस्ट
मेंढी ३० किलो. चिमूट १.२ ग्रॅम (सराफाचा काटा दुरुस्तीला आलाय, त्यावर तीन चिमटींची सरासरी). मी ४६ किलो. म्हणजे १.८४ ग्रॅम.
आम्हा जैनांना चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य. हा पाला वाळलेला आहे आणि भाजी नाही. नशाही वर्ज्य. हे औषध. सूर्यास्तानंतर खायचं नाही, म्हणून ६.३० ला दुधातून. धर्माची अडचण कुठेच नाही.

गुरुवार, ८ ऑगस्ट
वेदना ३/१०. रात्री कूस बदलली आणि मला कळलंही नाही. दोन वर्षांत प्रथमच.

बुधवार, १४ ऑगस्ट
दिवसा कंबर पुन्हा धरते, म्हणून आता सकाळीही १.८४. आज सलग पाच तास बसले. पप्पा दोनदा डोकावून गेले. हात पूर्वीपेक्षा स्थिर. पाल्याचा डबा कपॅसिटरच्या खोक्यामागे. घरात कुणाला कल्पना नाही. मम्मीने विचारलं, एकटीच का हसतेस. मी हसत नव्हते.

शुक्रवार, २३ ऑगस्ट
मी अचूक वजनाला लावून दिलेल्या एकोणीस काट्यांपैकी सहा मार्केटमधून परत आले. दादाभाऊ आडत्यांचा काटा पन्नास किलोला साडेएकावन्न दाखवतो. म्हणे, "ताई, बटाटं रातीत वाढाय लागलं का काय?" आमच्या मंचरचं व्होल्टेज, दुसरं काय. उरलेले तेरा जण काहीच बोलले नाहीत, म्हणजे समाधानी आहेत. काटा कमी दाखवतो म्हणून कुठला आडत्या गप्प बसेल?

शुक्रवार, ३० ऑगस्ट
या आठवड्यात एकही तक्रार नाही. व्होल्टेज सुधारलं. अंकित मात्र रोज जेवणाच्या सुट्टीत सायकल काढून गायब. अशा मुलाला टेबल देणार होते. दिवाळीची काळजी मिटली.

बुधवार, ११ सप्टेंबर. दुपारी ४
संवत्सरी. उपवास, त्यामुळे पालाही नाही. वेदना ८. संध्याकाळी प्रतिक्रमण, मग वर्षभरातल्या चुकांसाठी घरच्यांनी एकमेकांची क्षमा मागायची. मी कोणाची मागायची, याची यादी करायला बसले. यादी कोरी.

रात्री ८.१५
मम्मीने हात जोडले. "मिच्छामि दुक्कडं. तुझा डबा मी पहिल्याच आठवड्यात उघडून बघितला. तू झोपायला लागली होतीस, म्हणून बोलले नाही."
मग अंकित. "ताई, मिच्छामि दुक्कडं. तू लावलेले एकोणीसच्या एकोणीस काटे मी मागनं जाऊन परत लावले. तुला सांगायचं धाडस झालं नाय."
पप्पांनी हात जोडले. मग म्हणाले, "पाला घे, बेटा. मी अडवणार नाही. पण तो घेऊन काट्याला हात लावायचा नाही. शेतकऱ्याचं एक किलो इकडचं तिकडं झालं, तर आपण उपवास कशाला करतो? दोन्हीतलं एक ठरव."
मी लगेच सांगितलं: टेबल. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर
पाला बंद. ९.०० ला पन्नास किलोचा काटा घेतला. पहिल्याच झटक्यात बिनचूक लागला. फरक शून्य.
९.२० ला फरशीवर आडवी. वेदना ९.
अंकितने आरडाओरडा केला नाही. शेजारी मांडी घालून बसला आणि विचारलं, पुढची वायर कुठली. मी पडल्या पडल्या सांगत गेले, तो करत गेला. सोल्डरिंग भयंकर. काटा बरोबर.
दुपारी त्याला टेबलाची किल्ली दिली. तात्पुरती. "कधीपर्यंत, ताई?" असं त्याने विचारलं. म्हटलं, नक्की तारीख सांगते.